एक्स्पान्शनची किंमत : पहिल्या दिवसापासून असलेल्यानेच जास्त का मोजायचे?

पंचगंगा_काठ · सोमवार, रात्री ११.२०

नमस्कार मंडळी. इथं बरीच वर्षं वाचतोय, धागा पहिल्यांदाच काढतोय. मोठा झालाय, सांभाळून घ्या.

आम्ही पाच मित्र. कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका नेट कॅफेत तासाला वीस रुपये देऊन काउंटर-स्ट्राइक खेळत मोठे झालो. आता एक दुबईला, एक पुण्यात, आम्ही तिघं इथंच. माझं उद्यमनगरात छोटं मशीन शॉप आहे. दिवसभर लेथ, व्हेंडरचे फोन, संध्याकाळी बिलं. रात्री साडेनऊला पोरं झोपली की हेडफोन लावायचा आणि पाचही जण एका नकाशावर भेटायचे. सात वर्षं हे चाललंय. त्या खेळाचं नाव मुद्दाम घेत नाही, कारण असं करणारी ती एकटीच कंपनी नाही.

हिशोब सांगतो. मूळ खेळ पहिल्या दिवशी घेतला, २,९९९ रुपये. सोबत सीझन पास, म्हणजे पुढची काही भर आगाऊ घ्यायची सोय, १,९९९. नंतर दोन मोठी एक्स्पान्शन (मूळ खेळाला जोडायचे नवे भाग), प्रत्येकी २,१९९. म्हणजे साडेनऊ हजारांच्या जवळपास. पहिले चार महिने सर्व्हर सारखा पडायचा. आम्ही पाचजणांनी चुकांचे स्क्रीनशॉट काढून कंपनीला पाठवले, नव्या पोरांना खेळ शिकवला, दोन भाचरांना विकत घ्यायला लावला.

गेल्या आठवड्यात तिसरं एक्स्पान्शन जाहीर झालं. किंमत २,४९९. त्याच पानावर खाली 'संपूर्ण संच' : मूळ खेळ, आधीचं सगळं आणि हे नवीन, मिळून २,७९९. माझ्याकडे आधीचं सगळं आहे, तरी मला नवीन भाग २,४९९ लाच. आयुष्यात कधी तो खेळ न उघडलेल्याला फक्त तीनशे रुपये जास्त देऊन सगळं. जुन्या गिऱ्हाइकासाठी त्या पानावर एक ओळसुद्धा नाही.

माझे वडील साखर कारखान्याचे सभासद. दिवाळीच्या आधी सभासदाची साखर सवलतीच्या दराने मिळते. लहानपणी मी त्यांच्याबरोबर रांगेत उभा राहायचो. वाचलेल्या पैशांचं त्यांना फार नव्हतं, पण कार्ड पुढं केल्यावर कारकून रजिस्टरमध्ये नाव शोधायचा आणि 'हं, आहे' म्हणायचा, तेव्हा त्यांचा चेहरा वेगळाच व्हायचा. पहिल्या शेअरच्या वेळी कारखाना उभा राहील की नाही हेसुद्धा माहीत नव्हतं, हे ते आम्हाला अनेकदा सांगायचे.

मला त्या पानावर तेवढंच हवं होतं. रजिस्टरमध्ये माझं नाव सापडायला हवं होतं.

तुमचा अनुभव काय? अशा वेळी तुम्ही घेता, थांबता, की खेळच सोडता?

---

तालमीचा_गडी · सोमवार, रात्री ११.४१

भावा, मनातलं बोललास. आमच्या ग्रुपमधी पण हेच झालं, खेळ वेगळा. प्री-ऑर्डर केलेल्याला एक टोपी दिली, आणि सहा महिन्यांनी निम्म्या किमतीत घेणाऱ्याला टोपीसकट सगळं. तवापासून प्री-ऑर्डर बंद म्हणजे बंद.

---

रंकाळा७७ · मंगळवार, सकाळी ८.०५

भावना समजली, पण मला पटलं नाही. जुनी वस्तू स्वस्त होणारच. २०१८ ला घेतलेली गाडी आज कोणी निम्म्यात घेतली तर आपण शोरूमवर भांडायला जात नाही. तुम्ही सात वर्षं त्या खेळाचा आनंद घेतलात. रोजचा एक तास धरला तरी तासाला चार रुपयेसुद्धा पडले नाहीत. राजारामपुरीत वीस देत होता की.

आणि एक्स्पान्शन म्हणजे लूट असं सरसकट धरणं चूक आहे. २००६ मध्ये ऑब्लिव्हियन नावाच्या खेळात घोड्याचं चिलखत अडीच डॉलरला विकलं, त्यावर जग हसलं होतं, ते योग्यच होतं. पण विचर ३ या खेळाचं बघा. मूळ खेळ मे २०१५ चा. सोळा छोटे वाढीव भाग सगळ्यांना फुकट. मग ऑक्टोबरात 'हार्ट्स ऑफ स्टोन' दहा डॉलरला, पुढच्या मे महिन्यात 'ब्लड अँड वाइन' वीस डॉलरला. त्या दुसऱ्यात अख्खा नवा प्रदेश होता, आणि २०१६ च्या गेम अवॉर्ड्समध्ये सर्वोत्तम आरपीजीचं (पात्राची भूमिका निभावायच्या खेळाचं) बक्षीस त्या एक्स्पान्शनला मिळालं, पूर्ण खेळांना मागं टाकून. डिसेंबर २०२२ मध्ये नव्या यंत्रांसाठीची सुधारित आवृत्तीही जुन्या मालकांना फुकट दिली. असं काम केलं तर मी आनंदानं पैसे देतो.

---

पंचगंगा_काठ · मंगळवार, सकाळी ८.५०

@रंकाळा७७ जुनं स्वस्त व्हावं यात माझं काही म्हणणं नाही, व्हायलाच पाहिजे. तुमच्याच गाडीचं उदाहरण घेऊ. शोरूमवाला म्हणतो, नवीन टायरचा सेट २,४९९ ला. आणि ज्याच्याकडे गाडी नाही त्याला गाडी अधिक टायर २,७९९ ला. म्हणजे माझ्या गाडीची किंमत त्यांच्या लेखी तीनशे. ठीक, तीनशे तर तीनशे. पण नवीन टायर आम्हा दोघांसाठी नवीनच आहेत ना? मग त्याला कुठंतरी सवलत मिळतेय आणि मला मुळीच नाही. आनंद घेतला हे खरंच, त्याचे पैसे मी त्या त्या वेळी पूर्ण दिलेत.

तुम्ही सांगितलेलं विचरचं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे, असं मला वाटतं.

---

कोड_आणि_कट · मंगळवार, दुपारी १.३०

मी मूळचा कसबा बावड्याचा, सध्या पुण्यात गेम स्टुडिओत काम करतो. आतली बाजू थोडी सांगतो.

एक्स्पान्शनचा बाजार मुळातच लहान असतो. ज्याच्याकडे मूळ खेळ आहे आणि जो अजून खेळतोय, तोच गिऱ्हाईक. मूळ खेळ घेतलेले बरेच लोक अर्ध्यात सोडून गेलेले असतात. त्यामुळे दर नव्या भागाला गिऱ्हाईक कमी, आणि चित्रकार, लेखक, आवाज, चाचणी यांचा खर्च तसाच किंवा जास्त. वर दुकानाचा हिस्सा. स्टीम हे कॉम्प्युटरवरच्या खेळांचं मोठं ऑनलाइन दुकान, ते ३० टक्के घेतं. २०१८ च्या अखेरीपासून एका खेळाची विक्री एक कोटी डॉलरच्या पुढं गेली की २५ आणि पाच कोटींच्या पुढं २०, पण तिथपर्यंत लहान स्टुडिओ पोचत नाहीत. एपिक हे दुसरं दुकान जास्तीत जास्त १२ टक्के घेतं, पण तिथं गिऱ्हाईक कमी.

म्हणून विक्री विभाग नव्या लोकांच्या मागं लागतो. चार एक्स्पान्शनची यादी बघून नवीन माणूस दारातूनच परत जातो, त्याच्यासाठी संच काढतात. इथपर्यंत मला चूक दिसत नाही.

चूक पुढं आहे. स्टीमवर एकत्र विकायच्या दोन पद्धती आहेत. पॅकेज म्हणजे सगळ्याला मिळून एकच किंमत, तुमच्याकडे त्यातलं नऊ दशांश असलं तरी पूर्णच मोजायचं. बंडलमध्ये प्रत्येक गोष्टीचा हिशोब वेगळा होतो. तुमच्याकडे असलेलं वजा होतं आणि जे नाही त्यावर बंडलची सवलत लागते. पानावर 'संच पूर्ण करा' असं येतं ते हेच. ही सोय २०१६ पासून आहे. ती वापरायला वेगळा प्रोग्रामर लागत नाही. तुमच्या कंपनीनं बंडल केलं असतं तर तुम्हालाही नवीन भाग सवलतीत दिसला असता. म्हणजे तुम्हाला वगळायचं हे कुणीतरी बैठकीत ठरवलं, किंवा त्याहून वाईट, तुमची कुणाला आठवणच झाली नाही.

एक विनंती मात्र आहे. किंमत ठरवणारे आणि कोड लिहिणारे वेगळे असतात. २०२३ आणि २०२४ मध्ये जगभर हजारो गेम कामगारांच्या नोकऱ्या गेल्या, त्यात उत्तम एक्स्पान्शन बनवणारेही होते. परीक्षण लिहाल तेव्हा किमतीवर लिहा, चित्रकारावर राग काढू नका. आम्ही प्रत्येक परीक्षण वाचतो. खरंच वाचतो.

---

ट्रकवाला_शिरोली · मंगळवार, रात्री १०.१५

मी फक्त एकच खेळ खेळतो, युरो ट्रक सिम्युलेटर २. त्याबद्दल सांगतो.

२०१२ चा खेळ. चेक कंपनी आहे, एससीएस. नकाशाचे नवीन भाग विकतात : स्कँडिनेव्हिया २०१५, फ्रान्स २०१६, इटली २०१७, पुढं बाल्टिक, काळा समुद्र, २०२१ ला आयबेरिया. सगळे घेत गेलो, बरेचसे सेलमध्ये. पण मला त्यांचं वेगळंच कौतुक आहे. त्यांच्या मूळ नकाशातली जर्मनी जुनी झाली होती. रस्ते सपाट, शहरं खोक्यासारखी. नव्या भागांच्या शेजारी ती खटकायची. त्यांनी ती टप्प्याटप्प्यानं पुन्हा नव्यानं बांधली आणि अपडेटमध्ये फुकट दिली. २०१२ ला पैसे दिलेल्या माणसालाही, काल घेतलेल्यालाही. 'नवीन जर्मनी' म्हणून विकली असती तर मी घेतली असती, हे त्यांनाही माहीत असणार.

माझे वडील शाहूपुरीतून गुळाच्या गाड्या न्यायचे, मुंबईला, कधी गुजरातला. मार्केट यार्डातले काही अडते आठ आणे कमी-जास्त करायचे, पण घाटात गाडी बंद पडली तर रात्री दोन वाजता मेकॅनिक पाठवायचे. वडील शेवटपर्यंत त्यांचाच माल उचलत राहिले. दुसरीकडं भाडं जास्त मिळत होतं तरी.

रात्री मी रॉटरडॅमहून माल भरतो आणि नव्या जर्मनीतून जातो. वडिलांना एकदा दाखवलं होतं. म्हणाले, रस्ता चांगला केलाय.

---

मॅच_शाहू_स्टेडियम · बुधवार, सकाळी ७.४०

फुटबॉलवाल्यांचं दुःख कुणीच लिहिलं नाही. दरवर्षी नवीन खेळ, आधी फिफा, २०२३ पासून ईए स्पोर्ट्स एफसी. अल्टिमेट टीममध्ये वर्षभर रात्री जागून संघ बांधायचा आणि सप्टेंबरात पुन्हा शून्यापासून. त्यात पैसे देऊन पाकिटं फोडायची, आत कोण निघेल माहीत नाही. बेल्जियमनं २०१८ मध्ये अशा पाकिटांना जुगार ठरवलं आणि २०१९ च्या जानेवारीत कंपनीला तिथं त्यांचे पॉइंट विकणं थांबवावं लागलं. आपल्याकडं पोरं वडिलांच्या यूपीआयवरून फोडतात.

आमच्या पेठेत तीन पिढ्या एकाच तालमीच्या संघामागं उभ्या आहेत. हंगाम बदलला म्हणून कुणाला शून्यापासून सुरुवात करायला लागत नाही.

---

गल्ली_नंबर_नऊ · बुधवार, दुपारी १२.१०

किमतीपेक्षा वाईट गोष्ट म्हणजे विकत घेतलेलं काढून घेणं. डेस्टिनी २ मी खेळत नाही, पण त्याची हकीकत सगळ्यांनी माहीत करून घ्यावी अशी आहे. २०१७ ला पूर्ण किमतीत विकलेला खेळ. नोव्हेंबर २०२० मध्ये 'बियॉन्ड लाइट' आलं तेव्हा मूळ मोहीम आणि पहिली दोन एक्स्पान्शन खेळातूनच काढली. फेब्रुवारी २०२२ ला 'फोर्सेकन'ची मोहीमही गेली. कारण दिलं की खेळ फार मोठा आणि सांभाळायला अवघड झालाय. तांत्रिक अडचण खरी असेल. पण लोकांनी त्या मोहिमांचे पैसे मोजले होते.

'द क्रू' हा गाड्यांच्या शर्यतीचा खेळ तर ३१ मार्च २०२४ ला सर्व्हरसकट बंदच झाला, एकट्यानं खेळायचीही सोय उरली नाही. त्यातून 'स्टॉप किलिंग गेम्स' ही मोहीम उभी राहिली आणि जुलै २०२५ मध्ये युरोपातल्या त्यांच्या अर्जावर दहा लाखांच्या वर सह्या झाल्या. कॅलिफोर्नियात जानेवारी २०२५ पासून कायदा आहे की तुम्ही खेळ नाही तर परवाना विकत घेताय, हे दुकानानं स्पष्ट सांगायचं. स्टीमच्या कार्टमध्ये आता ती ओळ दिसते. वाचली आहे का कुणी?

---

रंकाळा७७ · बुधवार, दुपारी २.००

वाचली नव्हती. आत्ता उघडून बघितली. आहे.

---

सर्किट_बेंच_जवळ · बुधवार, रात्री ९.३०

मी वकील आहे, ग्राहक आयोगातली प्रकरणंही चालवते. दोन गोष्टी वेगळ्या ठेवा.

किंमत किती ठेवायची हा कंपनीचा अधिकार. जुन्या गिऱ्हाइकाला सवलत दिलीच पाहिजे असा कायदा नाही. पंचगंगा_काठ यांची तक्रार रास्त आहे, पण कायद्याची नाही. ती बाजारातच मांडावी लागेल.

फसवणूक मात्र वेगळी. पासमध्ये 'पुढचं सगळं मिळेल' असं सांगून नंतर काढलेलं वेगळं विकलं, जाहिरातीत दाखवलेलं दिलंच नाही, असं असेल तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात ई-कॉमर्सच्या व्याख्येत डिजिटल उत्पादनं स्पष्टपणे आहेत. तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्यात करता येते, कंपनी कुठलीही असो. पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला शुल्क नाही. आधी १९१५ वर फोन करा, बऱ्याचदा तिथंच मार्ग निघतो. नोव्हेंबर २०२३ पासून डार्क पॅटर्नवरची, म्हणजे गिऱ्हाइकाला फसवणाऱ्या पानांच्या रचनेवरची, मार्गदर्शक तत्त्वंही लागू आहेत. खोटी घाई निर्माण करणं, शेवटच्या पायरीवर किंमत वाढवणं हे त्यात येतं. 'फक्त ०२ तास उरले' असं रोज दिसत असेल तर स्क्रीनशॉट तारखेसकट ठेवा.

आणि स्टीमचा परतावा अनेकांना माहीत नसतो. एक्स्पान्शन घेतल्यापासून चौदा दिवसांच्या आत आणि ते घेतल्यानंतर मूळ खेळ दोन तासांपेक्षा कमी खेळला असाल तर पैसे परत मागता येतात. आधीचे तीन हजार तास त्यात धरत नाहीत.

---

विद्यापीठ_हॉस्टेल · बुधवार, रात्री ११.५५

दादा, थोडं वेगळं लिहितो, राग मानू नका.

मी बहुतेक तोच खेळ घेणार आहे. वर्णनावरून ओळखला. मी बीजीएमआयवर (पबजी मोबाईलची भारतीय आवृत्ती) वाढलेला. २०२० च्या सप्टेंबरमध्ये पबजी मोबाईल बंद झालं तेव्हा अकरावीला होतो. पुढच्या जुलैत बीजीएमआय आलं आणि जुन्या खात्यातलं सामान नव्यात नेता आलं, तेव्हा किती बरं वाटलं होतं ते अजून आठवतं. म्हणून तुमचं दुःख मला कळतंय.

पण मला लॅपटॉप यंदा मिळाला. मेसचे पैसे देऊन महिन्याला चारशे-पाचशे बाजूला पडतात. सहा महिने साठवून २,७९९ झालेत. संच नसता तर मूळ खेळ आणि तीन भाग घेणं माझ्या आवाक्यातलं नव्हतं. तुमच्यासारख्यांनी पूर्ण किंमत दिली म्हणून तो खेळ सात वर्षं टिकला, हे इथं वाचेपर्यंत माझ्या डोक्यातही आलं नव्हतं.

---

पंचगंगा_काठ · गुरुवार, सकाळी ६.३०

@विद्यापीठ_हॉस्टेल राग कसला रे. रात्री वाचलं आणि झोप लागेना.

तुझी किंमत वाढावी असं मला अजिबात वाटत नाही. तू घे, नक्की घे. आमच्या वेळी वीस रुपये गोळा करायलाही चार जणांचे खिसे तपासावे लागायचे. माझं मागणं कंपनीकडं आहे. तुला जी सवलत दिली तीच नव्या भागापुरती मला द्या, किंवा दोनशे रुपयांची द्या, किंवा पैसे नकोत, नावापुढं वर्ष लिहा. रॉकेट लीग २०२० ला फुकट झालं तेव्हा जुन्या खेळाडूंना त्यांनी पहिल्यांदा खेळलेल्या वर्षाचा किताब दिला आणि आधीचे डीएलसी, म्हणजे वेगळे विकलेले वाढीव भाग, देऊन टाकले. काउंटर-स्ट्राइक ग्लोबल ऑफेन्सिव्ह २०१८ ला फुकट झालं तेव्हा विकत घेतलेल्यांना 'प्राइम' हा वरचा दर्जा आणि एक बिल्ला मिळाला. आमच्या पाचही जणांच्या प्रोफाइलवर तो आहे. त्याची बाजारात किंमत शून्य. मी तो आजपर्यंत काढलेला नाही.

---

रंकाळा७७ · गुरुवार, दुपारी १.१५

माझं मत थोडं बदललंय, ते लिहितो. गाडीचं उदाहरण लंगडं होतं. गाडी विकून झाली की शोरूमचा संबंध संपतो. इथं कंपनी दर वर्षी पुन्हा तुमच्याच दारात येते.

आणि ओरडण्याचा उपयोग होतो हेही खरं. टोटल वॉर वॉरहॅमर ३ चं 'शॅडोज ऑफ चेंज' ऑगस्ट २०२३ ला पंचवीस डॉलरला आलं, लोकांनी 'एवढ्या पैशात एवढंसंच?' म्हणून परीक्षणं भरून टाकली. डिसेंबरात कंपनीनं माफी मागितली आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये त्याच डीएलसीत नवीन पात्रं आणि सैन्य घालून दिलं, आधी घेतलेल्यांना फुकट. सिटीज स्कायलाइन्स २ मध्ये मूळ खेळ धड चालत नसताना मार्च २०२४ ला समुद्रकिनाऱ्याचं डीएलसी विकायला काढलं. महिन्याभरात माफी, पैसे परत आणि ते सगळ्यांना फुकट.

उलट बाजूला स्टारड्यू व्हॅली आहे. २०१६ पासून एक पैसा वाढीव घेतलेला नाही, २०२४ चं १.६ अपडेट मोठं होतं, तेही फुकट. एकट्या माणसानं सुरू केलेला खेळ. नो मॅन्स स्कायनं २०१६ ला लोकांना फार निराश केलं होतं, पण नंतरची सगळी भर फुकट देऊन ती माणसं परत मिळवली.

---

कोड_आणि_कट · गुरुवार, दुपारी ३.४०

@रंकाळा७७ स्टारड्यू सगळ्यांना जमणार नाही, तेवढी विक्री झाली तरच ते परवडतं. दोनशे माणसांचा पगार द्यायचा असेल तर एक्स्पान्शन विकावंच लागतं, आणि ते विकावं. पण ओरडण्याचा उपयोग होतो, या तुमच्या मुद्द्यावर मी आमच्या ऑफिसात हा धागा दाखवला. आमचा पुढचा संच बंडल म्हणून निघावा यासाठी मी बोलणार आहे. होईलच असं सांगत नाही.

---

पंचगंगा_काठ · शुक्रवार, रात्री १०.०५

कंपनीला सविस्तर लिहिलं होतं. पहिलं उत्तर ठरलेल्या साच्यातलं : 'आपला अभिप्राय आम्हाला मोलाचा आहे.' त्यावर मी बंडल आणि पॅकेजचा फरक लिहून पुन्हा पाठवलं, कोड_आणि_कट यांनी सांगितलेल्या शब्दांत. आज दुसरं उत्तर आलं. माणसानं लिहिलेलं होतं. मुद्दा किंमत ठरवणाऱ्यांकडं पाठवलाय, पण लगेच बदल होणार नाही, असं लिहिलंय. निदान खरं सांगितलं.

आम्ही पाचजण काल बोललो. दुबईवाला म्हणाला, मी सगळ्यांचं भरतो, विषय संपवा. त्याला नाही म्हटलं. नवीन भाग आत्ता घ्यायचा नाही, सेलला बघू. परीक्षण मात्र पाचही जण लिहितोय, फक्त किमतीवर, आणि नकाशे बनवणाऱ्यांचं काम आम्हाला किती आवडतं हेही त्यातच.

@विद्यापीठ_हॉस्टेल, तू घेतलास की तुझं खेळातलं नाव निरोपात पाठव. उद्या शनिवार. साडेनऊला आम्ही पहिल्या एक्स्पान्शनच्या जुन्या नकाशावर जाणार आहोत, पूल ओलांडून डावीकडच्या किल्ल्यात. तो किल्ला नव्या माणसाला एकट्याला सापडत नाही. सहावी जागा रिकामी ठेवतो.

---

विद्यापीठ_हॉस्टेल · शुक्रवार, रात्री १०.१२

घेतला दादा. ६४ जीबी आहे, हॉस्टेलच्या वायफायवर उद्या सकाळपर्यंत उतरेल असं दिसतंय. साडेनऊला येतो.